नळीच्या टोकाचे आटे

आवाज नीट येतोय ना? मागे घरघर ऐकू येत असेल तर तो शेजारच्या गाळ्यातला कॉम्प्रेसर आहे. आज गुरुवार, आपल्याकडे एमआयडीसीची सुट्टी, पण शेजाऱ्याची डिलिव्हरी उद्या आहे, त्यामुळे त्याला सुट्टी नाही. माझी मशिनं मात्र बंद आहेत, म्हणून आज बोलता येतंय.

मी तळवड्याचा. कॅनबे चौकातून आत आलात की एका बाजूला सॉफ्टवेअर पार्कच्या काचेच्या इमारती दिसतात आणि दुसरीकडे पत्र्याखाली आम्ही. ज्योतिबानगरात माझा भाड्याचा गाळा आहे. दोन सीएनसी, एक जुनी साधी लेथ, एक ड्रिल मशिन, तीन माणसं आणि मी. हायड्रॉलिक पाइपांची फिटिंग्ज बनवतो. निपल, अडॅप्टर, प्लग, असला माल. चाकणला, भोसरीला जातो.

विषय काय, असं मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, पिस्तुलाच्या नळीला आटे पाडण्यावर बोलतो. समोरून पाच सेकंद काहीच आवाज नाही. मला वाटलं कॉल कट झाला.

घाबरू नका. आटे कसे पाडायचे ते मी आज सांगणार नाही, मापंही सांगणार नाही. आमच्या गाळ्यात ते काम जवळजवळ झालंच होतं, आणि ते काय होतं हे करणाऱ्याला माहीत नव्हतं, एवढं सांगायचंय. तुमच्यातले बरेच जण आयटीआय करून कुठेतरी सीएनसीवर उभे असतील, किंवा उभं राहायच्या तयारीत असतील. त्यांच्यासाठी मुख्यतः हे बोलणं आहे.

आधी आटे. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता ना, ते ज्याच्यावर फिरतं ते आटे. घरातला नळ, बाइकचा स्पार्क प्लग, सगळीकडे आटे. आमचं तर पोटच त्यांच्यावर आहे. दिवसाला चारशे-पाचशे नगांना आटे पाडतो. पाइपाच्या फिटिंगला बहुतेक ब्रिटिश पद्धतीचे, 55 अंशांच्या कोनाचे. मेट्रिक आणि अमेरिकन पद्धतीचे 60 अंशांचे. हे 55 अंशांचं माप ठरवलं जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज माणसानं, 1841 मध्ये. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा आणि नट वेगळा. याच व्हिटवर्थनं पुढे रायफलही बनवली, षटकोनी भोकाची, आणि ती सैन्याच्या तेव्हाच्या रायफलीपेक्षा लांबवर अचूक मारायची. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला सिलिंडर नीट गोल मिळत नव्हता, तो मिळाला विल्किन्सननं तोफांची भोकं पाडायला बनवलेल्या मशिनमुळे. म्हणजे आमची लेथ आणि बंदूक या तशा जुन्या नात्यातल्याच. हे मला आधी माहीत नव्हतं. त्या प्रकरणानंतर रात्री झोप लागायची नाही, तेव्हा वाचत बसायचो.

आता प्रकरण. गेल्या वर्षीच्या थंडीतली गोष्ट. आमच्याकडे काम जास्त असलं की रात्रपाळी लावतो. रात्री एकच ऑपरेटर असतो, वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, बीडकडचा. नाव सांगत नाही. कामाला वाघ आहे. मी सकाळी आठला शटर उचलून आलो, साध्या लेथवर हात ठेवला तर चकमध्ये एक जॉब तसाच पकडलेला. रात्री दोनच्या सुमाराला लाइट गेली होती, आमच्याकडे ते नवीन नाही. लाइट सकाळपर्यंत आलीच नाही, आणि पोरगा जॉब काढायला विसरून खोलीवर गेला होता.

जॉब म्हणजे एक नळी. वीतभरही नसेल. बाहेरून काळपट, आणि एका टोकाला थोडी टर्निंग मारलेली, चकचकीत. आटे अजून पडले नव्हते. बाजूला टेबलावर वहीचं पान, त्यावर पेनानं काढलेलं चित्र आणि आट्यांचं माप. ते माप वाचून मी पहिल्यांदा थांबलो. इंचातलं, बारीक आट्यांचं. आमच्या लाइनमध्ये कोणीही ते मागत नाही. पंधरा वर्षांत एकदाही मागितलेलं नाही. तो आकडा इथे सांगत नाही.

मला आधी राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. माझ्या मशिनवर, माझ्या लाइटवर, माझ्या इन्सर्टवर पोरगा बाहेरचं काम करतोय. जॉब चकमधून काढला, उजेडाकडे धरला आणि आत बघितलं.

आतून आटे होते. म्हणजे आटे म्हणावेत तसे नव्हेत. लांब पीळ असलेल्या खाचा, भोकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू वळत गेलेल्या. फिटिंगच्या पाइपात आतून असलं काही नसतं, गॅसच्या बर्नरमध्ये नसतं, कशातच नसतं. गोळीला भोवऱ्यासारखी फिरकी मिळावी म्हणून त्या खाचा असतात, म्हणजे ती सरळ जाते. हे मला सिनेमामुळे माहीत होतं. जेम्स बाँड सुरू होताना तो गोल दिसतो ना पडद्यावर, ती नळी आतून तशीच दिसते.

खरं सांगतो, हातातून पडली ती माझ्या. ट्रेमधल्या चिप्समध्ये पडली. मी तिला काढायला हात घातला आणि परत मागे घेतला. मग एकदम वाटलं, आता हिच्यावर माझ्या बोटांचे ठसे आहेत.

पोराला फोन करून उठवलं. आला डोळे चोळत. म्हटलं, हे काय आहे रे? म्हणाला, "शेठ, एअर पिस्तुलाची नळी हाय. मित्राच्या मित्राची. टोकाला आटे पाडून पायजेत, सायलेन्सर बसवायचाय त्याला. रील काढतोय त्यो." मी विचारलं, पैसे किती? तर दीड हजार. दिले कसे? जीपेवर. आणि हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की त्याला खरंच काही माहीत नव्हतं, याची मला तिथेच खात्री पटली. दीड हजार रुपयांची बँकेत नोंद ठेवून कोण बेकायदा काम करतं?

मी त्याला विचारलं, सायलेन्सर म्हणजे काय वाटलं तुला? तर तो म्हणाला, बुलेटला असतो तसा.

आता यात तो अगदीच चूक नव्हता. थोडं आडवळण घेतो, कंटाळा आला तर पुढे ढकला. बंदुकीचा सायलेन्सर बाजारात चालेल असा पहिल्यांदा बनवला हायरम पर्सी मॅक्सिम नावाच्या अमेरिकन माणसानं. पेटंट 1909 चं. त्याचा बाप हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम, ज्यानं मशिनगन बनवली. बापानं कान फोडणारी वस्तू काढली, पोरानं कान वाचवणारी. आणि याच पोरानं तीच कल्पना इंजिनांच्या धुराड्याला लावली. गरम वायू एकदम बाहेर सोडू नका, आधी एका डब्यात फिरवा, पसरू द्या, थंड होऊ द्या, मग सोडा. तुमच्या बाइकखाली तेच होतं. आपल्याकडे पोरं बुलेटचा तो डबा काढून फटफट आवाजाचा लावतात आणि पिंपरी-चिंचवडचे पोलीस ते काढून रोलरखाली चिरडतात, व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. म्हणजे बाइकवर सायलेन्सर काढला तर गुन्हा, पिस्तुलावर लावला तर गुन्हा. हसू नका, वकिलाकडे मीही हेच बोललो होतो, तो हसला नाही.

आणि सिनेमातलं ते "फिस्स" विसरा. पिस्तुलाचा बार 160 डेसिबलच्या आसपास असतो. चांगला सायलेन्सर त्यातले 20 ते 35 कमी करतो. उरतात 125-140. रस्ता फोडायचा ब्रेकर तुमच्या कानाला लावला तरी एवढा आवाज नाही. वायूचा स्फोट दबतो, पण गोळी ध्वनीपेक्षा वेगानं जात असेल तर तिचा स्वतःचा कडाका होतोच, तो कुठल्याही डब्यात भरता येत नाही. शेजारच्या खोलीत कोणाला कळणार नाही, हे फक्त पडद्यावर.

बरं, याला इंग्रजीत सप्रेसर म्हणणारे लोक म्हणूनच बरोबर आहेत. दाबतो, गप्प करत नाही. फिनलंड, नॉर्वेकडे शिकारी लोक सर्रास वापरतात, स्वतःचे आणि कुत्र्याचे कान वाचावेत म्हणून. अमेरिकेत 1934 पासून त्याची केंद्र सरकारकडे नोंदणी लागते, 200 डॉलर कर होता, तो 2026 च्या जानेवारीपासून शून्य झाला, नोंदणी राहिली. काही राज्यांत तिथेही बंदी आहे. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पोरं यूट्यूबवर बघतात. गॅरेजमध्ये एक दाढीवाला माणूस, मागे झेंडा, हातात पिस्तूल, नळीच्या टोकाला आटे, त्यावर डबा फिरवून बसवतो, धाड धाड. खाली लाइक. तो त्याच्या देशाच्या कायद्यात आहे. तुम्ही तळवड्यात आहात.

टर्नर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते आटे नुसते दिसायला आटे असून चालत नाही. नळीच्या भोकाचा मध्य आणि आट्यांचा मध्य एकच पाहिजे. आम्ही फिटिंग करतो तेव्हा थोडा रनआउट असला तर फार तर तेल गळतं, ओ-रिंग सांभाळून घेते. इथे काय गळणार? डबा वाकडा बसला तर गोळी बाहेर पडायच्या आधी डब्याच्या आतल्या पडद्याला धडकते. मग तो डबा धरणाऱ्याच्या समोर फुटतो. माझ्या साध्या लेथचा चक इतका जुना आहे की तीन जबड्यांतला एक वेगळाच बोलतो. त्या चकवर, रात्री दोन वाजता, पिवळ्या बल्बखाली पोरगा ते करायला निघाला होता. लाइट गेली नसती तर ते वापरणाऱ्याच्या हाताचं काय झालं असतं? आणि समोर जो कोणी असता त्याचं? ही दुसरी गोष्ट मला दोन दिवसांनी सुचली, याची लाज वाटते. पहिले दोन दिवस मी फक्त माझा विचार करत होतो.

कारण माझ्या डोक्यात पहिली गोष्ट काय आली माहितीये? भंगारवाला. जवळच आहे. रोज आमच्या चिप्स उचलायला टेम्पो येतो. नळीचे ग्राइंडरवर चार तुकडे केले, चिप्सच्या पोत्यात टाकले, संपला विषय. पोराला दीड हजार परत करायला लावायचे, दोन थोबाडीत द्यायच्या, काम चालू. ग्राइंडरचा प्लग लावला होता मी. खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात कोणाला तरी सांगावं म्हणून शाळेतल्या मित्राला फोन लावला. पिंपरी कोर्टात वकिली करतो. मी अर्धं सांगितलं आणि तो म्हणाला, "ग्राइंडर बंद कर. हात लावू नकोस कशाला. मी येतोय."

आल्यावर त्यानं मला कायदा समजावला, खुर्चीत बसवून, लहान पोराला सांगतात तसा. मी माझ्या शब्दांत सांगतो. आपला शस्त्र कायदा 1959 चा. त्यात बंदूक कशाला म्हणायचं त्याची व्याख्या आहे. आपल्याला वाटतं बंदूक म्हणजे अख्खी बंदूक. तसं नाही. बंदुकीचा सुटा भागही बंदूकच. आणि आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी बनवलेली जोडवस्तू, म्हणजेच सायलेन्सर, तीही व्याख्येत बंदूकच. नुसता डबा, पिस्तूल नसलं तरी. पुढे, परवान्याशिवाय बनवणं चालत नाही हे सगळ्यांना कळतं. पण त्या यादीत दुरुस्त करणं आहे, बदल करणंही आहे. नळीच्या टोकाला आटे पाडणं हा बदल नाही तर काय? आणि शिक्षा? 2019 मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

दीड हजारात.

पोरगा दारात उभा राहून ऐकत होता. तो खाली बसला, भिंतीला टेकून.

मी म्हटलं, अरे पण त्याला माहीतच नव्हतं. वकील म्हणाला, "ते खरं आहे आणि ते महत्त्वाचंही आहे. आपल्याजवळ काय आहे याची जाणीव होती का, हे कोर्ट बघतं. काल रात्री त्याला माहीत नव्हतं. पण आज सकाळी साडेआठपासून तुला माहीत आहे." मग त्यानं विचारलं, "संजय दत्तचं प्रकरण आठवतं?" म्हटलं, कोणाला आठवत नाही. बेकायदा शस्त्रं बाळगली म्हणून शिक्षा, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं पाच वर्षं ठरवली, येरवड्यात होता, 2016 च्या फेब्रुवारीत सुटला. तो म्हणाला, "त्याचं सगळ्यांना आठवतं. ती बंदूक नष्ट करायला ज्यांनी मदत केली, त्यांनाही शिक्षा झाली, ते कोणाला आठवत नाही." आणि त्यानं माझ्या ग्राइंडरकडे बघितलं.

शिवाय त्याच कायद्यात 36 वं कलम आहे. या कायद्याखालचा गुन्हा घडलाय असं कळलं तर जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा मॅजिस्ट्रेटला कळवायचं, योग्य कारण नसताना गप्प बसायचं नाही, आणि कारण योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी गप्प बसणाऱ्याची. हे कलम मला माहीत नव्हतं. आमच्या आख्ख्या गल्लीत कोणाला माहीत नव्हतं, मी नंतर विचारलं.

एअर पिस्तुलाचं काय, असं तुम्ही विचाराल. ठरावीक ताकदीच्या खालच्या, छर्रेवाल्या एअरगनला आपल्याकडे परवाना लागत नाही, हे बरोबर. म्हणूनच ते नाव पुढे करतात. पण ही नळी एअर पिस्तुलाची नव्हती, हे वकिलानं नुसतं भोक बघून सांगितलं. छर्रा चणाडाळीएवढा असतो. इथे भोक त्याहून बरंच मोठं होतं.

मग अशा नळ्या येतात कुठून? आपल्याकडे पेपरात दर महिन्याला असतं, अमुक चौकात गावठी पिस्तूल आणि दोन जिवंत काडतुसांसह एक जण ताब्यात. त्यातला मोठा माल मध्य प्रदेशच्या सीमेवरून येतो, जळगावच्या चोपड्यापलीकडे बडवानी जिल्ह्यात उमर्टी म्हणून गाव आहे, त्याचं नाव सारखं येतं. 2025 च्या नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी तिथे जाऊन छापा घातला, भट्ट्या तोडल्या. आमच्याकडची नळी तिथलीच होती असं मी म्हणत नाही, मला कोणी सांगितलेलं नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. भट्टीत हातानं बनवता येतं असं बरंच काही असतं, पण बारीक आटे पाडायला लेथ लागते. आणि लेथ कुठे आहेत? तळवडे, चिखली, भोसरी, चाकण. आपल्या पट्ट्यात गल्लोगल्ली लेथ आहे, आणि प्रत्येक लेथवर रात्री एक पोरगा एकटा उभा आहे, ज्याला खोलीचं भाडं भरायचंय.

हे काम कायद्यानं करणारे लोकही आपल्याच भोवती आहेत, तेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल बंदुकीचं काम म्हणजे सगळं काळंच. पाषाणला एआरडीई आहे, डीआरडीओची शस्त्रं बनवणारी प्रयोगशाळा. 2021 च्या जानेवारीत 'अस्मी' नावाचं 9 मिलिमीटरचं मशिन पिस्तूल जाहीर झालं, ते एआरडीई आणि महूच्या इन्फन्ट्री स्कूलनं मिळून चार महिन्यांत उभं केलं. तेव्हा लेफ्टनंट कर्नल असलेले प्रसाद बन्सोड त्यामागे होते. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून आहे. देहूरोडला आमच्या हाकेच्या अंतरावर ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. आणि आपल्या सैन्यासाठी सायलेन्सरवाली कार्बाइन कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेली आहे, ब्रिटिश स्टर्लिंगवरून घेतलेली. तिची नळी आणि सायलेन्सर वेगळे करून लावायचे नसतात, एकत्रच बांधलेले. अशा ठिकाणी एकेका नळीवर नंबर असतो, ती कोणी घेतली, कोणी तपासली, कोणी नाकारली याचा कागद असतो. माझ्याकडे वहीचं फाटकं पान होतं, त्यावर नावसुद्धा नव्हतं.

दुपारी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. मी, वकील, पोरगा. नळी एका स्वच्छ पिशवीत. जाताना पोरगा रिक्षात म्हणाला, "शेठ, घरी सांगू नका." मी काही बोललो नाही, कारण सांगावं लागणार हे मला दिसत होतं.

तिथलं फार सांगत नाही. अर्ज लिहून दिला, जबाब झाले, पंचनामा झाला, गाळा बघायला आले, लेथचा फोटो घेतला. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी, की माझ्याकडे पिस्तुलांचा कारखाना सापडला. एका कंपनीच्या परचेसवाल्याचा फोन आला, साहेब ते तुमचंच का हो? त्या कंपनीचं काम पुढे दोन महिने बंद होतं. चहावाल्यानं उधारी मागितली. त्याआधी त्यानं कधी मागितली नव्हती.

ज्यानं नळी दिली त्याचा नंबर बंद. जीपेवरून पैसे आले होते ते तिसऱ्याच्याच खात्यातून, डिलिव्हरी करणारा एक पोरगा, त्याला कोणीतरी रोख दीड हजार देऊन म्हटलं होतं, माझं चालत नाहीये, तेवढे पाठव ना. म्हणजे तोही चौकशीला. एका नळीमागे दोन पोरं, दोघांनाही काही माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याचं नाव कुठेच नाही. पुढचा तपास पोलिसांचा, त्यावर मी बोलणं बरोबर नाही.

चौथ्या दिवशी पोराचे वडील आले गावाहून. रात्रीची एसटी धरून. ऊसतोडीला जाणारा माणूस, पांढरी टोपी, पायात प्लास्टिकच्या चपला. गाळ्यात खुर्ची दिली तर टोकावर बसले. म्हणाले, "मालक, माझ्या पोरानं नेमकं केलं काय, ते मला समजंल असं सांगा. तितं कुनी सांगंना."

आता कसं सांगू? मी एक निपल उचललं, आमचं रोजचं. त्यावर नट फिरवून दाखवला. म्हटलं, हे असं पाडायचं होतं एका पाइपाला. त्यांनी नट हातात घेतला, फिरवला, काढला, परत फिरवला. मग म्हणाले, "येवढंच?"

मी हो म्हटलं. खरंच एवढंच होतं.

पोरगा महिनाभर गावी होता. मग आला. माझ्या बायकोचं म्हणणं होतं, ठेवू नका त्याला. मी ठेवला. एक तर त्याच्यासारखा हात मिळत नाही, आणि दुसरं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. आयटीआयला दोन वर्षं व्हर्निअर शिकवतात, मायक्रोमीटर शिकवतात, सेफ्टी शूज शिकवतात. कुठला जॉब धरायचा नाही, हे नाही शिकवत. मीही नव्हतं शिकवलं. आता दारात एक रजिस्टर आहे. बाहेरून कोणी सुटा जॉब घेऊन आला तर नाव, नंबर, ओळखपत्राचा फोटो, आणि हा पार्ट कशाला बसतो ते लिहून द्यायचं. निम्मे लोक रजिस्टर बघूनच जातात. त्यातले बहुतेक साधे लोक असतात, कुणाच्या ट्रॅक्टरची पिन, कुणाच्या पिठाच्या गिरणीचा बुश. त्यांचं नुकसान होतं, माझंही होतं. शेजारचा म्हणतो, तू पोलीस झालास काय? पोरगा आता कुठलीही नळी आली की आधी मोबाइलचा टॉर्च लावून आत बघतो. परवा एका आजोबांच्या हुक्क्याची नळी होती, तीही बघितली त्यानं, दोन्ही टोकांनी.

एक राहिलं. हे मी वकिलालाही सांगितलेलं नव्हतं, इथे पहिल्यांदा सांगतोय. लॉकडाऊननंतर काम अजिबात नव्हतं तेव्हा एक जण आला होता. वाट्यांसारखे छोटे नग, मध्ये भोक, वीस पाहिजेत. ड्रॉइंग नाही, नमुना दिला. रोख पैसे, बिल नको. मी स्वतः बनवून दिले, याच साध्या लेथवर, दोन दिवसांत. कशाला पाहिजेत हे विचारलं नाही. मला तेव्हा दोन हप्ते थकलेले होते. दिव्यांच्या फिटिंगचे असतील, पडद्याच्या रॉडचे असतील. कशाचेही असू शकतात. आता मॅक्सिमच्या त्या डब्याच्या आतलं चित्र बघितल्यावर मी सारखा आठवायचा प्रयत्न करतो, की त्या वाट्यांना उतार होता का, आणि किती होता. नीट आठवत नाही. नमुना तो परत घेऊन गेला होता.